खिडकीतली खुर्ची आणि मागची चाकं

धाकट्या भावास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद, पाठीत एका धपाट्यासकट. तुझे गुडघे कसे आहेत? फरशी बसवणाऱ्याचे गुडघे हेच त्याचं भांडवल, तेव्हा उकिडवा कमी बस. आमच्या व्याह्यांच्या घरची फरशी कुठवर आली तेही कळव. (सहज विचारते.) मी ठणठणीत आहे, आणि सध्या गाड्या घसरवते. घाबरू नकोस, टीव्हीवर.

झालं असं, तू तिकडे त्यांचं घर उकरलंस म्हणून व्याही इकडे लेकीकडे राहायला आले. आले तर आले, पण आल्या आल्या खिडकीतल्या वेताच्या खुर्चीत बसले ते उठायचं नाव नाही. ती खुर्ची माझी. हे गेल्यापासून सगळी गल्ली मी तिथूनच सांभाळते. (कोणाकडे कोण आलं, हे कोणीतरी बघायला नको का?) मी दोनदा खोकले, एकदा खुर्चीखालचा केर काढला. ढिम्म हलले नाहीत. उलट पाय वर घेऊन म्हणतात, "तिकडे कोपऱ्यात राहिलाय, विहीणबाई." तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली त्यांनी, सगळे अजून मास्तर म्हणतात. दुसऱ्याची चूक दाखवल्याशिवाय जेवण पचत नाही.

शेवटी सूनबाईनं तोडगा काढला. कामावरून आली की ती टीव्हीवर गाड्यांचा एक खेळ खेळते. वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवायची, जितकी लांब घसरेल तितके गुण. म्हणाली, रविवारी दोघं खेळा, जिंकेल त्याची खुर्ची. मास्तर इतके हसले की चहा सांडला. (माझ्या खुर्चीवर.)

खेळायच्या आधी गाडी मनासारखी ट्यून करावी लागते. मी आपली संसारी बाईच्या अकलेनं केली: चारी टायर चिकट, ब्रेक करकचून. साहेब शाळा तपासायला आले की आपण रांगेत चालायचो, तशी गाडी वळणावरून गेली. गुण शून्य. सूनबाई म्हणाली, "आई, घसरू नये म्हणून नाही, घसरावी म्हणून ट्यून करायची."

तेव्हा मला तू आठवलास. तू बसवलेली पहिली मोरी आठवते? पाय घसरला, हात नळाला घट्ट, आणि बाकीची मी गर्रकन फिरले. तेच केलं. पुढची चाकं चिकट, मागची गुळगुळीत, मागच्या टायरांत हवा टम्म, इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांना, आणि स्टिअरिंग वळेल तितकं वळू दिलं. पुढून धरायचं, मागून सोडायचं.

रविवारी आधी मास्तर. गाडी सुरेख ट्यून केलेली (सूनबाईला गुपचूप विचारून), पण माणूस ट्यून होईना. वळण आलं की वेग कमी, आणि बोट इंडिकेटरचं बटण शोधतंय. सूनबाई म्हणाली, "बाबा, रस्त्यावर कोणी नाही." म्हणाले, "नसलं तरी." गुण चाळीस. मी पहिल्या वळणाला भिंतीवर गेले, दुसऱ्याला भोवऱ्यासारखी फिरले, पण तिसऱ्याला हँडब्रेक ओढला आणि गाडी अशी लांबलचक आडवी गेली की सूनबाई सोफ्यावर उभी राहिली. खुर्ची माझी.

तुझी
ताई

ता. क. खुर्चीत बसून तीन दिवस झाले. मास्तर स्टुलावर बसतात आणि पेपर वाचतात. एकही चूक काढत नाहीत. काल मी कोपऱ्यात मुद्दाम केर ठेवला, तरी गप्प. पाहुणा घरात आहे, आणि घर पाहुणा गेल्यासारखं झालंय.

ता. क. दुसरं. म्हणून खरं काम सांगते. पुढच्या आठवड्यात फरशी पुरी होईल असं तू त्यांना फोनवर सांगितलंस. होऊ देऊ नकोस. मोरीचा उतार चुकला म्हणून सांग. तुझ्यावर कोणीही विश्वास ठेवील, मी साक्षीला आहे.

ता. क. शेवटचं. पत्र टाकायला मास्तरच निघालेत. चपला घालता घालता म्हणाले, "भावाला लिहा, घाई करू नका म्हणावं. वळणावर वेग कमी ठेवलेला बरा." मी बरं म्हटलं. आता दारात उभे आहेत, माझं लिहून व्हायची वाट बघत, आणि म्हणतायत, "कोपऱ्यात केर राहिलाय, विहीणबाई."