महालिंगच्या समईवरचा हंस

३ मार्च १९८८, गुरुवार
मेलकावेरीत अक्कल असलेले माणूस एकच (म्हणजे मी), आणि तेही निवृत्त. मागच्या गल्लीतला ओतारी महालिंग सिंगापूरच्या दुकानदाराला समयांचे फोटो पाठवतोय. आयुष्यातली पहिली परदेशी ऑर्डर मिळेल म्हणून. सेतू फोटोग्राफरने असा फ्लॅश मारला, की शेंड्यावर हंसाऐवजी नुसता पांढरा डाग! हंस महालिंगच्या वडिलांच्या साच्यातला, दुकानाची ओळखच ती. सेतू लग्नाचे फोटो काढायला तिरुविडैमरुदूरला. टपाल सोमवारी. मी म्हटले, फोटोवर हंस मी रंगवते. कॉन्व्हेंटमध्ये ड्रॉइंगचे पहिले बक्षीस मलाच होते. (लिलीच्या फुलाला. ज्याला लिली जमते त्याला हंस काय जड?)

४ मार्च
ब्रश धुतला. आधी कारखान्यात जाऊन खरा हंस बघायचा, असा निश्चय. ऊन फार. उद्या सकाळी नक्की.

५ मार्च, सकाळी ११
गेले नाही. हंस हंसासारखाच असणार. बघून काढतात ते कारकून. तीन फोटो पूर्ण. वसंता, माझी भावजय, डोकावून म्हणाली, अक्का, कोंबडी गोड आली हो. आठवी नापास.

६ मार्च
मान आखूड वाटली, म्हणून जाड केली. महालिंगने फोटो उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिला. मग विचारतो, टीचरम्मा, हे अंडी उबवतंय का? भारावला बिचारा.

११ एप्रिल
सिंगापूरचे पत्र आले. इंग्रजी, म्हणून वाचायला माझ्याकडेच. चाळीस समया हव्यात! महालिंगने चप्पल काढून पत्राला नमस्कार केला. पुढच्या ओळीला मला खोकला आला. 'वरची कोंबडी नको. शेंडा सपाट ठेवा.' त्याला सांगितले, परदेशात हल्ली सपाट शेंड्याची फॅशन आहे. त्याने दोनदा विचारले, हंस अजिबात नको? मी म्हटले, लोकांना कळत नाही, आपण काय करणार.

२ मे
वडिलांच्या साच्यातून हंसासकट निघालेल्या समयांवरचे चाळीस हंस महालिंगने स्वतः करवतीने कापले. एक मला आणून दिला, माझ्या मेहनतीबद्दल. आज प्रथमच नीट पाहिला. लांब, वळलेली मान. चोचीत मोत्यांची माळ, एकेक मोती मोजता येईल अशी. माझ्या हंसाला माळ नव्हती, एवढाच काय तो फरक.
पत्रात काय होते ते त्याला जाऊन सांगायला हवे.
उद्या सकाळी. आज ऊन फार आहे.