इंजिनातली एकच जागा

शनिवार, १४ मार्च. चँडलर, मुलाचं अमेरिकेतलं घर.

पुढच्या शनिवारी वाळवंटातल्या त्या जुन्या रेल्वेच्या वाढदिवसाला जायचंय. चार तास ड्राइव्ह, वाटेत एक गाव नाही. तिथं कोळशाचं इंजिन चालवणारेत. ड्रायव्हरजवळ पाहुण्याला जागा एकच, आणि सूनबाईनं ती तिच्या वडिलांसाठी बुक केली. जन्मभर बँकेत पंख्याखाली बसलेला माणूस. मी दौंडला बावीस वर्षं फायरमन होतो, इंजिनात कोळसा टाकला. मला कोणी विचारलं नाही. मीही बोललो नाही. मागायचं कशाला?

आत्ता व्याही नवा पांढरा शर्ट घेऊन खोलीत आले.

"व्याहीबुवा, इंजिनात हा चालेल ना? तुम्हाला त्यातलं कळतं."

कळतं ना. काजळी बसते, ठिणगीनं भोकं पडतात. माझ्या मनगटावर डाग आहे अजून.

"चालेल की," म्हटलं. "फोटोत उठून दिसाल."

खूश झाले. दारातून वळून म्हणाले, "मला एकट्याला भीती वाटते हो. तुम्ही बरोबर असता तर बरं झालं असतं."

तेव्हापासून तो पांढरा शर्ट डोळ्यासमोरून हलत नाही. सांगीन उद्या, काळा घाला म्हणून. नाहीतर परवा. अजून आठवडा आहे.