सत्त्याण्णव नंबर

पैठण
२० नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप दादास,
सरूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

इकडं सगळं खुशाल. अक्षर मोठं दिसंल, कारण बारीक लिहिलं तर माझं मलाच दिसत नाही. परवा विजेच्या खांबाला गल्लीतले थोरले नानासाहेब समजून मी डोक्यावरून पदर घेतला आणि तब्येत विचारली. शेजारची जैतुनबी अजून हसतेय.

तिच्याच नादानं मोतीबिंदूच्या शिबिरात नाव दिलं होतं. डॉक्टरनं सगळ्यांना बसवून सांगितलं, की घाबरू नका, शंभरात पंच्याण्णव ऑपरेशनं चांगली होतात. माझा नंबर आला सत्त्याण्णव, जैतुनबीचा अठ्ठ्याण्णव. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर आनंदानं सांगत आली, की आतापर्यंत पंच्याण्णव झाली, एकसुद्धा बिघडलं नाही. मी बोटांवर मोजलं. चांगली होती तेवढी संपली की! आता उरली ती कोणती? गाठोडं उचललं आणि मागच्या दारानं घरी आले. जैतुनबीलाही चल म्हणाले, पण तिनं सांगितलं, की तिचं नशीब डॉक्टरच्या कागदावर लिहिलेलं नाही, आणि ती खुशाल आडवी झाली.

तू गणिताचा मास्तर. तूच सांग, माझं काय चुकलं? वहिनींना नमस्कार.

तुझी,
सरू


गारखेडा, औरंगाबाद
२८ नोव्हेंबर १९८६

चि. सरूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून, म्हणजे वाचून, हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. बत्तीस वर्षं पोरांना शेकडेवारी शिकवली आणि सख्खी बहीण शिबिराच्या मागच्या दारानं पळाली! अगं, पंच्याण्णव टक्के म्हणजे रेशनची साखर नव्हे, पुढच्यांनी नेली की संपली. प्रत्येक माणूस आत जातो तेव्हा त्याच्यासाठी पुन्हा नव्यानं शंभरात पंच्याण्णव असतं. पहिल्याला तेवढं, सत्त्याण्णवाव्यालाही तेवढंच.

मी कुठलीही गोष्ट टक्क्याशिवाय करत नाही. कालच्या वरणात मीठ दहा टक्के जास्त होतं, ते मी पहिल्या घासाला सांगितलं. तुझी वहिनी साधी, तिला टक्केवारीतलं काही कळत नाही. ती म्हणाली, की आमटी वाढू का ते सांगा. असं हे घर.

डोळा फार पिकू दिला तर हातचा जाईल. पुढच्या शिबिरात मुकाट्यानं जा.

तुझा,
दादा


पैठण
११ डिसेंबर १९८६

तीर्थरूप दादास,
सरूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र जैतुनबीनं वाचून दाखवलं. तिचं ऑपरेशन झकास झालं. एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि दुसऱ्यानं माझ्या घरातली जळमटं मोजते. मी तिला सांगितलं, की अठ्ठ्याण्णव चांगला निघाला म्हणजे वाईट नंबर सत्त्याण्णवच होता, मी वेळेवर निसटले. तिनं मला लई बोलून घेतलं. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, अर्धं उर्दूत होतं.

आणि तुझे टक्के मला नको सांगू. गेल्या उन्हाळ्यात तूच कळवलंस, की नाथसागर शून्य टक्के झाला, औरंगाबादला आता प्यायला थेंब नाही, म्हणून तू चार पिंपं भरून ठेवलीस. मी धरणावर जाऊन आले. तुझ्या शून्य टक्क्यात म्हशी गळ्यापर्यंत डुंबत होत्या! डॉक्टर म्हणतो माझी नजर वीस टक्के राहिली. शून्यात म्हशी डुंबतात, तर विसात माझं का भागू नये?

खरं सांगू का दादा, मला भ्या वाटतं. आयुष्यात शंभरातल्या पाचांत निघायची मला सवय आहे. मालक गेले ते साध्या तापानं. असला ताप शंभरात नव्व्याण्णवांचा उतरतो, असं तेव्हाही एक डॉक्टर म्हणाला होता. आहे ती वीस टक्के नजरही गेली तर मी एकटीनं चूल कशी पेटवू?

तुझी,
सरू


गारखेडा
२२ डिसेंबर १९८६

चि. सरूस,
अनेक आशीर्वाद.

म्हशींचं आधी मिटवतो. धरणाच्या तळाशी जे पाणी राहतं त्याला मृत साठा म्हणतात. ते टक्क्यांत धरत नाहीत. शून्य टक्के म्हणजे तेवढं सोडून शून्य. माणसं मात्र शेवटी त्यावरच जगतात, हे मला कबूल आहे. पिंपांत अळ्या झाल्या, हेही कबूल.

मालकांचं तू लिहिलंस, तिथं माझं गणित थांबतं. भीती मलाही कळते, तुला वाटते त्यापेक्षा जास्त कळते. पण चूल पेटवायची म्हणूनच डोळा पाहिजे ना? आपण सौदा करू. तू ऑपरेशन करून घे. मग तू सांगशील ती एक गोष्ट मी ऐकेन, शंभर टक्के, कुरकुर न करता. बद्रीनाथ दुकानदाराकडची उधारी सोडून काहीही माग.

तुझा,
दादा


पैठण
१५ मार्च १९८७

तीर्थरूप दादास,
सरूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

दादा, दिसतंय! फेब्रुवारीच्या शिबिरात गेले, नंबर चार मिळाला, आणि काल जाड भिंगाचा चष्मा आला. जैतुनबीच्या तोंडावर इतक्या सुरकुत्या आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. तिनं आरसा आणून माझ्या हातात दिला.

पहिलं काम काय केलंस, असं तू विचारशील. डब्यातून तुझी पत्रं काढली आणि स्वतः वाचायला बसले. वाचता वाचता उठले आणि लोणच्याच्या बरणीला बांधलेली वहिनींची चिठ्ठी आणली, कैरी किती आणि मोहरी किती अशी. शेजारी शेजारी ठेवली. तोच उजवीकडं कललेला र, तीच न दिलेली शिरोरेघ. दोन वर्षांची सगळी पत्रं वहिनींच्या हातची! तुझं अक्षर मी ओळखत नाही होय रे? पाटीवर माझा हात धरून तूच गिरवून घेतलंस. आणि 'पत्र ऐकून, म्हणजे वाचून' असं का लिहिलंस, तेही आत्ता कळलं.

म्हणजे मला शंभर टक्क्यांचं पुराण सांगणारा तू स्वतः आंधळा होऊन गारखेड्यात बसलास. मला पुढं करून बघितलंस, होय ना? सरूचं नीट झालं तर मग आपण. मी वाचून झाल्यावर रडले, आणि मग तुला जैतुनबीच्या उर्दूत शिव्या दिल्या.

आता सौदा. वीस एप्रिलला इथं परत शिबिर आहे. तुझं नाव मी देऊन आले. कारकून बारावा नंबर देत होता, पण मी भांडून मागून घेतला. तुझा नंबर सत्त्याण्णव. प्रत्येकाला नव्यानं शंभरात पंच्याण्णव असतं, तूच लिहिलंस. लिहवलंस.

तुझी,
सरू


गारखेडा
२४ मार्च १९८७

सौजन्यमूर्ती सरूवन्सं यांस,
मनकर्णेचा नमस्कार, वि. वि.

हे पत्र माझं मी लिहितेय, कोणी सांगितलेलं नाही. तुमचं पत्र मी यांना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा ते रागावले, दुसऱ्यांदा डोळे पुसायला लागले आणि मोतीबिंदूचं पाणी येतं म्हणाले. तुम्हाला पुढं केलं नव्हतं, वन्सं. डोळा नसलेला मास्तर ही गोष्ट त्यांना सांगता येत नव्हती, एवढंच. पेपर मी वाचते, रेशन मी आणते, वरणातलं मीठ मात्र ते मोजतात. त्यांच्या डोळ्यांचं धरण कधीच शून्यावर आलंय. घर चाललंय ते तळाच्या पाण्यावर, आणि ते पाणी टक्क्यांत कोणी धरत नाही. म्हणून काही माझी तक्रार नाही. नोव्हेंबरच्या पत्रात 'तुझी वहिनी साधी' असं होतं ना, त्यातला 'साधी' हा शब्द माझा होता. त्यांनी दुसराच सांगितला होता.

१९ एप्रिलच्या सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं निघतोय. पिशवी त्यांनी जवळजवळ महिनाभर आधीच भरून ठेवलीय. सौदा शंभर टक्के पाळणार, असं छातीवर हात ठेवून म्हणाले. जैतुनबींना माझा सलाम सांगा. आमच्यावरची तुमची माया भांडणासकट अशीच राहू द्या.

तुमची,
मनकर्णा

ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात यांनी हळूच मला विचारायला सांगितलं, की सत्त्याण्णवाच्या बदली तो कारकून चार नंबर देईल का.