ग्रावाताच्या पेल्यातलं पाणी

साओ बेंतो, वरची आळी
१२ मार्च

प्रिय वन्सं लेओकादिया,

झेनिल्दाचा नमस्कार. डोळ्याची पट्टी सुटली असं मार्लूसीने कळवलं. बरं वाटलं. आता भाचीला म्हणावं तू जरा पलीकडे जा, आणि हे स्वतः वाचा. माझं अक्षर म्हणजे कोंबडीने उकरलेली राख, तरी तुम्हीच वाचा. फोनवर बोलून आवाज पाठवला असता, पण तो तिकडे जेवायच्या टेबलावर सगळ्यांपुढे वाजला असता. म्हणून कागद घेतला.

इकडे आदेमार, तुमचा भाऊ, मजेत आहे. कामाला गुडघा दुखतो, रविवारी चेंडू खेळायला दुखत नाही. फणस इतके लागलेत की शेजारणी मला येताना बघून दार लावून घेतात. ओंदिना म्हातारीने नवीन दात बसवले, आता पूर्वीपेक्षा जास्त बोलते. तुमच्यापर्यंत बातमी तिनेच पोचवली हे मला ठाऊक आहे.

तुमचा निरोप मिळाला. झाडं फेकून द्या, माझ्या खोलीला कुलूप घाला, मी आता मार्लूसीकडेच राहीन, त्या आळीत तोंड दाखवायची माझी लायकी नाही. असं तुम्ही म्हणालात. झाडं फेकली नाहीत. कुलूपही घातलं नाही. ते का, ते सांगायला बसलेय आणि मगापासून फणस आणि दात सांगतेय. मला वळसे घालायची सवय नाही, म्हणून जास्तच दिसतंय.

तर आधी झाडांचं. डोळ्याच्या ऑपरेशनला मार्लूसीकडे जाताना तुम्ही मला अंगणभर फिरवून सांगितलं होतं: ग्रावाताला पाणी मुळाशी नाही घालायचं, पानांच्या मधल्या पेल्यात घालायचं, तेही पावसाचं. बुडाला माती नको, झाडाची साल आणि कोळसा बास. आई म्हणजे मोठं झाड, ती फुलली की वाळायला लागते, ती मेली समजून उपटायची नाही, तिच्या कुशीला पिल्लं धरतात ती तिच्यावरच वाढतात. मी म्हटलं, "अननसाच्या चुलत बहिणी ह्या, आणि अननस द्यायचं नाव नाही! एवढे लाड या घरात माझे कुणी केले नाहीत." तुम्ही हसलात. वन्सं, मी गंमत केली नव्हती. रिओहून आलेली माणसं फाटकाशी थांबून तुमच्या झाडांचे फोटो काढायची आणि मला म्हणायची, "जरा बाजूला होता का?"

मग इवोनेच्या रायसाला ताप भरला. अंगावर पुरळ, हाडं दुखताहेत म्हणून रडणं, नाकातून रक्त. डेंग्यू. पोरीला विटोरियाच्या इस्पितळात नेली. सगळी आळी डास कुठून आला ते शोधायला लागली. भोंग्याची गाडी रोज ओरडत होती की साठलेलं पाणी ओता, टाक्यांना झाकणं घाला, ट्रे कोरडे ठेवा. आणि आळीत साठलेलं पाणी म्हटलं की बोट कुठे जाणार? आपल्या अंगणाकडे. इवोने फाटकाशी आली, मागे चारपाच जणी. डोळे सुजलेले. म्हणाली, "झेनिल्दा, तुमच्या त्या झाडांच्या पोटात काय आहे ते मला बघू दे."

मी सरळ म्हणायला हवं होतं, बघ. पण त्या बायका ज्या नजरेने आपल्या घराकडे बघत होत्या ती मला सोसली नाही. मी म्हटलं, "झाडं माझी नाहीत, नणंदेची आहेत. मी केव्हाची बोंबलतेय की ही घाण काढा." कधी बोंबलले होते मी? मग तिच्यादेखत ब्लीचची बाटली आणली आणि एकेका पेल्यात ओतली. आधी झाड पांढऱ्या टबात पालथं करायचे, मग ओतायचे. पालथं केल्यावर काय निघालं सांगू? कुजका पाला, एक कोळी, आणि तुमच्या त्या नखाएवढ्या बेडक्या. अळी एकही नाही. मी वाकून नीट बघितलं, माझे डोळे काही अधू नाहीत. इवोनेने फाटकावरून विचारलं, "आहेत का?"

मी म्हटलं, "वळवळताहेत नुसत्या."

का म्हटलं ते मला विचारू नका. हातात बाटली होती, अर्धं अंगण मारून झालं होतं, आणि तुमच्या लाडक्यांवर ते ओतताना मला बरं वाटत होतं. लिहिलं बघा. आता खोडत नाही.

पण माझं खरं काळं तोंड त्यानंतरचं आहे.

पुढच्या आठवड्यात चमचा फ्रिजमागे पडला म्हणून मी फ्रिज ओढला. त्याच्या पाठीला मोटरीवर तो ट्रे असतो, बर्फाचं पाणी गळून साठतं तो. मी तो कधी धुतला होता आठवत नाही. गाडी रोज ओरडायची तेव्हा मी भांडी आपटत म्हणायचे, "ह्यांना दुसरा धंदा नाही." ट्रे भरलेला होता, आणि त्यात त्या होत्या. वरखाली, वरखाली. रायसा शाळेतून आली की कुठे बसायची माहीत आहे ना? माझ्याच स्वयंपाकघरात, फ्रिजला पाठ टेकून, मक्याचा केक खात. पोरीला कुठला डास चावला ते देवाला ठाऊक. पण मी देवाची वाट बघितली नाही, ट्रे मोरीत ओतला, घासला, फ्रिज जागेवर ढकलला आणि तोंड शिवून बसले. आदेमारलाही सांगितलं नाही.

तेवढ्यात तुमचा आवाज आला. ओंदिनाने तुम्हाला कळवलं होतं, आणि तुम्ही इवोनेसाठी माझ्या फोनवर निरोप पाठवलात, तिला ऐकव म्हणून. इवोनेच्या ओसरीत सगळ्या जमल्या होत्या. फोन माझ्या हातात. तुम्ही रडत होता. म्हणत होता, "माझ्या हौसेपायी तुझ्या लेकराच्या जिवावर बेतलं, मला क्षमा कर, मी परत येऊन तुला त्रास देणार नाही." इवोनेने एप्रनला डोळे पुसले आणि मला म्हणाली, "बिचारीला सांग, राग नाही." आणि वन्सं, मी मान हलवली. फोन खिशात घातला आणि घरी येऊन घेवड्याला फोडणी दिली. त्या दिवशीचा घेवडा मला गिळता आला नाही, हे काही मोठेपण नाही. आदेमारने दोन ताटल्या खाल्ल्या.

तेव्हापासून तुमच्या खोलीवरून जाताना मी पाय न वाजवता जाते. रिकाम्या खोलीला कसली लाज? पण वाटते.

पोर परवा घरी आली. हडकली आहे, पण माझ्याशी पहिल्यासारखीच बोलते, केक मागते. ते मला सहन होईना. म्हणून आज सकाळी इवोनेकडे गेले. ती ओसरीत सुपात घेवडा निवडत होती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "इवोने, अळ्या झाडांत नव्हत्या. माझ्या फ्रिजमागे होत्या."

तिने खडा बाजूला टाकला. "कधी कळलं?"

"वन्संचा निरोप यायच्या आधी."

"म्हणजे ती बाई रडत होती आणि तू फोन धरून उभी होतीस?"

"होय."

"आणि झाडांत वळवळताहेत म्हणालीस ते?"

"खोटं."

मला वाटलं सूप तोंडावर मारेल. मारलं असतं तर सुटले असते. ती उठली, मला दंडाला धरून तिच्या फाटकाशी आणलं आणि म्हणाली, "आता इथे बोल. मोठ्याने. ते खोटं मोठ्याने बोलली होतीस."

मी बोलले. पहिल्यांदा खाली बघून पुटपुटले. ओंदिना खिडकीतून म्हणाली, "ऐकू येत नाही गं!" मग परत बोलले, सगळं, ट्रे, टब, फोन. कपडे वाळत घालणाऱ्या हात थांबवून ऐकत होत्या. कुणी शिवी दिली नाही. एकजण फक्त म्हणाली, "आणि लेओकादिया तिकडे परक्या घरात तोंड लपवून बसलीय." इवोनेने फाटक लावून घेतलं, मी बाहेर होते. आदेमारला कामावरून येताना रस्त्यातच कळलं. फ्रिज ओढून पाठीमागे बघून आला आणि अंगणात जाऊन बसला.

झाडांचं खरं सांगते. मोठ्या बहुतेक गेल्या. मधलं पान धरून ओढलं की हातात येतं, बुडाला कुजका वास. तांबड्या पट्ट्यांची ती, तुमच्या आईच्या हातची, तीही गेली. पण तिच्या कुशीत दोन पिल्लं हिरवी आहेत, त्यांच्या पेल्यात बहुतेक ब्लीचचा थेंब गेला नसावा. मोठी वाळली तरी मी तोडली नाही, तुम्ही सांगितलं होतं म्हणून. फणसाच्या झाडावर वरच्या फांदीला लावलेल्यांपर्यंत माझा हात पोचला नव्हता, त्या धडधाकट आहेत. बाकीच्यांना रोज पावसाच्या पाण्याने धुते. बेडक्या परत आल्या नाहीत. येतील असं मी तुम्हाला लिहिणार नाही, मला माहीत नाही.

तुमचं नाव आळीत स्वच्छ आहे, एवढंच मला देता आलं. घर तुमच्या बापाचं आहे, खोली तुमची आहे. या. माझं तोंड बघायचं नसेल तर मी मागच्या दाराने येत-जात राहीन, चूल अंगणात मांडेन, पण तुम्ही न केलेल्या पापासाठी परक्या दारात राहू नका. क्षमा मागत नाही. ती मागायची म्हणजे तुमच्यावर आणखी एक काम टाकायचं.

तुमची म्हणू की नको, ते तुम्ही ठरवा.

झेनिल्दा