वर्ण: निमगोरा

कवठे येमाई,
८ नोव्हेंबर २०२४

चि. प्रांजलला अंकिताताईचे आशीर्वाद.

रंगात काय आहे असं म्हणणाऱ्या ताईचा स्वतःचा फोटो एवढा गोरा कसा? भाऊबिजेला तू हे विचारलंस तेव्हा मी विषय बदलला. आज खरं सांगते.

लग्नाच्या बायोडाट्यासाठी फोटो काढला, तेव्हा शिरूरच्या स्टुडिओवाल्यानं न विचारताच चेहरा उजळला, हनुवटीवरचा तीळ पुसला. आई हरखली. आणि मीही, या घरातली पहिली पदवीधर, तो फोटो पुन्हा पुन्हा बघत बसले. मोबाईलवर दिवसभर जे चेहरे दिसतात, तसा माझा एकदाचा झाला होता ना.

पण तू ऊन लागून काळी होशील म्हणून पोलीस भरतीचं ग्राउंड सोडलंस, हे आत्यानं सांगितलं. आपल्या घरात तुझ्याइतकं जोरात कुणी पळालेलं नाही. आत्यानं तुझा मोबाईल काढून घेतलाय, म्हणून हे पत्र. रागाव, पण लिही.

तुझीच,
अंकिताताई

भांडगाव,
१५ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र आईनं, म्हंजी तुझ्या आत्यानं, आधी वाचलं आन् मग मला दिलं, तवा जपून लिहीत जा.

तुला सांगायला सोपं हाय. मी पळतानाचं रील टाकलं, तर खाली कुणीतरी लिहिलं, डांबर पळतंय. त्यावर सगळे हसले, माझ्या वर्गातली गौतमीपण. मी किती जोरात पळाले, ते कुणी बघितलंच न्हाई. तवापासून मी क्रीम लावते आन् सावलीत बसते.

तुझ्या बायोडाट्यात लिहिलंय, वर्ण निमगोरा. एवढी शिकून तुला निमगोरं व्हावं लागतं, तर मी कशाला उन्हात जाऊ? तू तो फोटो बदल, दुसऱ्या दिवशी मी ग्राउंडवर. तवर उपदेश नको, बोरं पाठव.

माया पातळ करू नको.
प्रांजल

कवठे येमाई,
२६ नोव्हेंबर

चि. प्रांजलला आशीर्वाद आणि बोरं.

रविवारी दौंडची मंडळी मला बघायला आली. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईनं माझ्या हातून बशी घेतली, आणि आता मुलीला बोलवा, असं आईला सांगितलं. आईनं घाईघाईनं सारवलं, की कांदालागणीत जरा रापलीय, आठ दिवसांत उजळंल. मी म्हणाले, रापलेली नाही, जन्मापासून अशीच आहे, खोटा तो फोटो आहे.

मंडळी चहा न घेता उठली. आई रडली. आबा रिकाम्या बशा गोळा करत म्हणाले, पोहे तेवढे संपवून गेले.

काल भर दुपारी कांद्याच्या वावरात उभी राहून मी सुरजदादाकडून फोटो काढून घेतला. बायोडाट्यातली वर्णाची ओळच उडवली आणि शंकररावमामांच्या वधूवर ग्रुपवर फोटो, बायोडाटा दोन्ही टाकलं. मामांचा लगेच फोन, अशानं स्थळं कमी येतील. मी म्हटलं, कमी येऊ द्या, पण दारात मला ओळखणारी येऊ द्या.

जुना फोटो पुसून टाकलाय. नव्याची प्रत बोरांच्या पिशवीत आहे, तीळ नीट बघून घे. तुझी अट कालच पुरी झाली.

मनात लोभ ठेव आणि पायात बूट.

तुझी,
अंकिताताई