एका मिनिटाचा नियम

दि. ४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आधी महत्त्वाचं: मी आणि तुमचे धाकटे चिरंजीव, दोघंही सुखरूप आहोत. आता खाली बसा, आणि आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचू नका.

काल बोटीनं त्या खोल खडकावर बुड्या मारायला गेलो. तीस मीटर खाली उभा कडा, आणि पाण्याला अशी ओढ की खडक धरून पुढे सरकावं लागतं. मी माशांचा थवा बघून मागे वळले, तर धाकटा गायब! निघताना तुम्ही दोन गोष्टी बजावल्या होत्या: त्याला एकटं सोडू नकोस, आणि जोडीदार दिसेनासा झाला तर एकच मिनिट शोधून वर ये. दोन्ही एकदम कशा पाळायच्या, ते काही सांगितलं नव्हतंत.

मिनिट संपलं आणि मी वर निघाले. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबावंच लागतं, नाहीतर खोलवर अंगात मुरलेली हवा बाधते. तिथे लोंबकळत घड्याळ बघत होते आणि तुम्हाला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं. पाण्याबाहेर डोकं काढलं, तर शंभरेक हातांवर बोटीला खूण म्हणून फुगवायच्या लाल फुग्याला मिठी मारून स्वारी तरंगतेय! त्यानंही मिनिटभर शोधून तेच केलं होतं. वर मलाच उशिराचा जाब विचारत होता. बोटीवर आधी त्याला झापलं, मग रडून घेतलं.

तरी एक टोचतंय. तो खालीच अडकला असता तर? मी त्याला टाकून आले, असं वाटलं का तुम्हाला? खरं सांगा.

आशीर्वाद असू द्या, धाक जरा कमी करा.

आपली लेक

दि. ११ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं, मग चष्मा पुसला. तू केलंस तेच बरोबर. खाली राहिली असतीस, तर तुला शोधायला तो गाढव पुन्हा खाली उतरला असता. तुझाच भाऊ तो.

हा नियम मी पुस्तकात वाचलेला नाही. जहाजांचे तळ दुरुस्त करायचो तेव्हा एकदा जोडीदार दिसेना. मी दहा मिनिटं शोधत राहिलो. हवा संपत आली तसा घाबरून, न थांबता सरळ वर आलो. तो पठ्ठ्या बोटीवर टॉवेल गुंडाळून चहा पीत होता, आणि मी आठवडाभर इस्पितळात. आईला निरोप पाठवला की कामासाठी परगावी जातोय. तिला अजून ठाऊक नाही, तूही बोलू नकोस.

लोभ तर आहेच, धाकही राहील.

तुझे बाबा

ता. क. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून हे दोन शब्द. तो चहा पिणारा त्याच दिवशी घरी येऊन सगळं सांगून गेला होता. सातही दिवस मी इस्पितळाच्या बाहेरच्या बाकावर बसून होते. परगावी गेलेल्या माणसाला आत जाऊन भेटणार कशी? तू वर आलीस, फार बरं केलंस. त्यांना काही सांगू नकोस. – आई