जमिनीवर लोळणारी रिबन

ती. ताईस, धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा वाकलो असं समजून घे.) तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला आता बरा असेल. तुझी लेक इथे ठणठणीत आहे. माझ्याशी बोलत नाही, एवढंच. फोनवर हे सांगायला तोंड उघडेना, म्हणून पत्र.

आधी तिच्या त्या ऱ्हिदमिक जिमनॅस्टिक्सची तुला ओळख करून देतो, कारण पोरीला माझ्याकडे ठेवलंस तेव्हा मला ती कोणीच करून दिली नव्हती. संगीताच्या तालावर, हातात एखादं साधन घेऊन, अंगात हाडंच नसल्यासारखं वाकायचं, असा हा प्रकार. एक असते दोरी (तिच्यावर मी ओले पडदे वाळत घातले आणि ओरडा खाल्ला). हूप म्हणजे मोठं कडं, ते वर फेकायचं आणि खाली कोलांटी मारून झेलायचं. क्लब म्हणजे छोट्या मुद्गलांची जोडी, तीही फेकायचीच. चेंडू एका तळहातावरून छातीवरून दुसऱ्या तळहातावर घरंगळत न्यायचा. मी करून पाहिलं. तो शिवणयंत्राखाली गेला आणि त्याला काढताना माझी कंबर गेली. राहिली काडीला बांधलेली लांबलचक साटिनची रिबन. सगळ्यात देखणी तीच, आणि माती खाल्ली ती मी तिथेच.

ती हवेत नागमोडी खेळवत ठेवायची, क्षणभर थांबू द्यायची नाही. स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती पोरीच्या पायात सारखी अडकत होती. शेवटी काडी टाकून पोर रडत आंघोळीला गेली. ताई, मी पडदे शिवणारा माणूस. आमच्या धंद्यात जमिनीवर लोळणारं कापड म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार. मला राहवेना. रिबन चांगली हातभर कापली, सुबक दुमड घातली, आणि नीट लोंबावी म्हणून, पडद्याला घालतो तशी, टोकात शिशाची गोळी शिवली. (शिवण दिसतसुद्धा नव्हती.) तिला गंमत वाटेल म्हणून बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी रिबन जी गरकन फिरली ती पंचबाईंचा पाण्याचा पेला आडवा करूनच. सगळं संपल्यावर त्यांनी ती मोजली. लांबी नियमानं ठरलेली असते म्हणे. मी रिबन कापली, त्यांनी गुण कापले. पेला पडला तेव्हा लोक हसले. पोरीनं मात्र मान ताठ ठेवून शेवटपर्यंत सगळं केलं. परतताना बसमध्ये तिनं रिबनची घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं गं. मला फार वाईट वाटतंय.

तुझा,
धाकटा

ता. क. नवी रिबन आणली आहे, पूर्ण लांबीची. माझ्या हातून ती घ्यायची नाही. तू पाठवलीस असं सांगशील? खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो.

पुन्हा ता. क. भाऊजींना कळू देऊ नकोस. ते हसतील.

आई, मामानं पाकीट न चिकटवताच पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. रिबन तूच पाठवलीस, बरं का. राग अजून आहेच. पण गुण सांगितले तेव्हा सगळा हॉल गप्प होता आणि हा एकटा उभा राहून टाळ्या वाजवत होता. ते त्यानं लिहिलंच नाही. बोलायला गेले की तेच आठवतं आणि रडू फुटतं, म्हणून बोलत नाही.